पप्पांना सौदीतून परत पाठवणार म्हणतात आणि माझा अभ्यासच होत नाही: लातूरला शिकणाऱ्या एका लेकीला उत्तर

बेटा, तुझं सगळं नीट वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. मुलगी १६ वर्षांची, घर सेलू तालुक्यात, लातूरला होस्टेलवर राहून अकरावी सायन्स आणि नीटचा क्लास करते. वडील नऊ वर्षांपासून दम्मामला, एसी मेकॅनिक. कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर तिकडचा व्हिसा असतो त्या मालकानं, पगार थकवला म्हणून ते दुसऱ्याकडं काम करू लागले, तर कफीलनं हुरूब टाकला, म्हणजे माणूस काम सोडून पळाला अशी सरकारकडं तक्रार. इकामा, म्हणजे तिकडं राहायचा परवाना, तो पण संपलाय. आता कधीही पकडतील, तरहीलमध्ये, म्हणजे परत पाठवायच्या लोकांना ठेवतात त्या कोठडीत, टाकतील आणि तिथून भारतात पाठवतील ही भीती. आईला लिहिता-वाचता फार येत नाही, त्यामुळं सगळे फोन, कागद, व्हॉट्सॅप या पोरीकडं. आजीला कुणी काही सांगितलेलं नाही. झोप नाही, टेस्टचे मार्क पडले. आणि शेवटी तिनं लिहिलंय की कधी कधी वाटतं एकदाचं पकडून पाठवूनच द्या त्यांना, आणि असं वाटलं की मग स्वतःचीच लाज वाटते.

मी तुझ्या या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण बाकी सगळं तू अगदी व्यवस्थित लिहिलंस, तारखा-बिरखा टाकून, आणि हे मात्र घाईघाईत लिहून मेसेज संपवलास.

मी मराठवाड्यात शाळांमधून, होस्टेलमधून मुलांशी बोलायचं काम करते, बरीच वर्षं झाली आता, आणि नांदेड, परभणी, बीड, जालना कुठंही जा, वडील आखातात आहेत अशी लेकरं भेटतातच. परत पाठवणार म्हटलं की लोकांना वाटतं आता ताटातूट होणार. तुझ्या घरी उलटं आहे ना. ताटातूट नऊ वर्षांपूर्वीच झाली, तू सात वर्षांची असताना. आता माणूस घरी येणार आहे, पण जसा यायला पाहिजे तसा नाही, बॅगा भरून नाही, पैसे घेऊन नाही. मग तुला एकाच वेळी पप्पा येणार म्हणून बरं वाटणार, असे येणार म्हणून वाईट वाटणार, फीचं काय होणार याची भीती वाटणार, आणि मम्मीला न विचारता यांनी कफील का सोडला याचा रागही येणार. हे सगळं खरंय आणि यातलं कुठलं एक धरून बाकीचं सोडायची गरज नाही. "पकडूनच पाठवा" याचा अर्थ तुला त्यांचं वाईट व्हावं वाटतं असा नाही गं. रोज रात्री "आज पकडलं का" हे विचारून तू थकली आहेस, त्याचा एकदा निकाल लागावा इतकंच तुला पाहिजे. मोठ्या माणसांनाही असंच होतं, ते बोलत नाहीत फक्त. बरं, त्यांच्यावर रागावलेली लेक त्यांच्यावर जीव लावत नाही असं थोडंच असतं, आपल्याकडं तर जीव लावायची पद्धतच निम्मी रागावण्याची आहे.

आता ते रील्स. तू लिहिलंस की बेड्या घातलेल्या लोकांचे व्हिडिओ बघते आणि पप्पांना तसंच आणतील वाटतं. ते व्हिडिओ अमेरिकेतले आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानानं १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं, हाता-पायात बेड्या होत्या, त्यानंतर तसले व्हिडिओ सगळीकडं फिरू लागले. सौदीचं काम वेगळं आहे. तिथून परत पाठवतात तेव्हा साधारण असं होतं की तरहीलमध्ये बोटांचे ठसे घेतात, कुठली केस किंवा देणं बाकी आहे का बघतात, पासपोर्ट नसेल तर आपली एम्बसी आउटपास देते, म्हणजे फक्त भारतात यायला चालणारा एकदाचा कागद, आणि मग माणूस नेहमीच्या प्रवासी विमानानं येतो, बाकीच्या पॅसेंजरसोबत. तरहीलमध्ये दिवस काढणं सोपं नाही, गर्दी असते, वाट बघावी लागते, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. पण तुझ्या डोक्यात जे चित्र फिरू लागलंय ते तुझ्या पप्पांचं नाही, दुसऱ्याच देशाचं आहे. ते व्हिडिओ बघणं आज बंद कर, तीन-चार वेळा "नॉट इंटरेस्टेड" दाबलं की यायचे कमी होतात.

आणि इथं उतरल्यावर पोलीस धरतील का, असं विचारलंस. तिकडं इकामा संपला किंवा हुरूब लागला हा भारतातला गुन्हा नाही. आउटपासवर आलेल्या माणसाला विमानतळावर इमिग्रेशनवाले चार प्रश्न विचारतात, पासपोर्ट कुठं गेला वगैरे, कागद खोटे नसले की सोडतात. हे गावात कुणी काही बोललं तरी लक्षात ठेव, कारण आपल्याकडं "परत पाठवलं" म्हटलं की लोक लगेच "काहीतरी केलंच असंल" म्हणतात. २०१३ मध्ये निताकतच्या वेळी, म्हणजे कंपन्यांनी सौदी माणसांना ठरलेल्या नोकऱ्या द्यायच्या हा नियम कडक झाला तेव्हा, सौदीतून लाखाच्या वर भारतीय परत आले होते, त्यातल्या बहुतेकांनी कष्ट करण्यापलीकडं काही केलेलं नव्हतं, फक्त कागद आणि काम जुळत नव्हतं.

आता जरा कडक बोलते. तू या घराचं ऑफिस झाली आहेस. एजंटचा फोन तुला, पप्पांच्या रूममेटचा फोन तुला, मामाला काय सांगायचं ते तूच ठरवणार, मम्मी रडली तर तूच समजावणार, आणि सगळे म्हणतात लई शहाणी लेक आहे. मला या कौतुकाची भीती वाटते. असं कौतुक मिळालेली लेकरं मी बघितली आहेत, बाहेरून इतकी समजूतदार की सर-मॅडमला कळतही नाही, आणि आतून पोटात दुखतंय, ॲसिडिटी, पाळी पुढं-मागं, डोकं दुखतंय म्हणून गोळ्या चालू. तू पण लिहिलंस ना की मेसचं जेवण पचंना. मेसचं जेवण पचायला अवघडच असतं ते सोड, पण हे नुसतं मेसमुळं नाही.

तर हे काम वाटून द्यायचं. मामा आहेत, शिकलेले आहेत, परभणीत नोकरी करतात असं तूच लिहिलंस. पुढचं सगळं मामांच्या नावावर आणि मम्मीच्या नावावर जाऊ दे. तू एकच काम कर, एक कागद. एका पानावर पप्पांचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, इकामा नंबर, कफीलचं नाव किंवा कंपनीचं नाव, ते आता राहतात त्या भागाचा पत्ता, रूममेटचा नंबर, आणि तिकडं अजून एका ओळखीच्या माणसाचा नंबर. रूममेटचा नंबर सगळ्यात महत्त्वाचा, कारण माणूस पकडला गेला की त्याचा फोन कधी जवळ राहतो कधी राहत नाही, पहिली खबर रूममेटच देतो. या पानाच्या तीन झेरॉक्स, एक मम्मीकडं, एक मामाकडं, एक तुझ्या ट्रंकेत. फोनमध्ये फोटो आहे म्हणशील, फोन बंद पडला की काय करशील.

मामांनी करायचं काम असं, त्यांना हा भाग वाचून दाखव. परराष्ट्र मंत्रालयाचं मदत नावाचं पोर्टल आहे, २०१५ पासून, त्यावर घरचा माणूस तक्रार टाकू शकतो, तक्रारीचा नंबर मिळतो आणि ती थेट तिकडच्या एम्बसीकडं जाते. दम्माम रियाधच्या एम्बसीखाली येतं, जेद्दाहच्या कॉन्सुलेटखाली नाही, हा घोळ लोक नेहमी करतात. इकामा संपलेल्या, हुरूब लागलेल्या लोकांना स्वतःहून परत यायचं असेल तर रियाध एम्बसीकडं फायनल एक्झिटसाठी, म्हणजे कायमचं तिथून निघायच्या परवानगीसाठी, नाव नोंदवता येतं. पकडायची वाट बघत लपून राहायचं का एम्बसीत जाऊन नाव द्यायचं, हा निर्णय पप्पांचा आणि मम्मीचा, तुझा नाही, तू त्यांना फक्त सांगू शकतेस की असा रस्ता आहे. हुरूब खोटा असेल, म्हणजे पगार थकवलेल्या कफीलनंच उलट तक्रार केली असेल, तर तिकडच्या कामगार खात्यात दाद मागता येते, त्यासाठी पगार थकल्याचा पुरावा लागतो, बँकेचे मेसेज, हजेरीचे फोटो, काँट्रॅक्ट, जे असेल ते जपून ठेवा म्हणावं. परत यायच्या आधी थकलेल्या पगारासाठी तिथल्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करता येईल का हे एम्बसीत विचारून घ्यायचं, कारण माणूस निघून आला की मग मागं कुणी बघत नाही. फोनवर विचारायचं असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११ ३०९०.

आणि एजंट. "हुरूब काढून देतो, इतके हजार रियाल द्या" असं कुणी म्हटलं की तिथंच थांबायचं. हुरूब काढायचे ठरलेले रस्ते आहेत, ते कफील किंवा सरकारी खात्यातून जातात, गल्लीतल्या माणसाच्या सेटिंगमधून नाही. एक रियाल म्हणजे आपले वीस-बावीसच्या वर रुपये, त्यामुळं तिकडं छोटा वाटणारा आकडा इकडं मम्मीचं सोनं मोडायला लावतो. पप्पांच्या पासपोर्टचे, इकाम्याचे फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नकोस, आणि त्यांच्या अबशरचा, म्हणजे सौदी सरकारच्या ॲपचा, ओटीपी कुणालाच नाही, अगदी "मी एम्बसीतूनच बोलतोय" म्हटलं तरी नाही.

झोपेचं बघू. तिकडं आपल्यापेक्षा अडीच तास मागं आहे. पप्पा रात्री दहाला काम संपवून रूमवर येतात, तेव्हा तुझ्याकडं साडेबारा. मग कॉल, मग रडणं, मग "आज गाडी फिरत होती" हे ऐकणं, आणि सकाळी सातला तुझा क्लास. असं कुणाचं डोकं चालेल. पप्पांना सांग की रोज नाही, रोज फक्त एक व्हॉइस मेसेज, "ठीक आहे" एवढाच, तू तो सकाळी ऐकशील. मोठा कॉल शुक्रवारी, त्यांना सुट्टी असते, त्यांची सकाळ आणि तुझी दुपार जुळवता येते. रात्री अकराला फोन रेक्टर मॅडमकडं किंवा रूममेटकडं देऊन झोप. रात्री काही झालंच तर मामा तिकडून माहिती घेतील, आणि खरं सांगू, रात्री दीडला कळलं काय आणि सकाळी सहाला कळलं काय, लातूरच्या होस्टेलमधून तू दीड वाजता करणार काय होतीस?

एक गोष्ट आधीच बोलून ठेवा, मेसेज आला नाही तर काय समजायचं. नाहीतर एक दिवस मेसेज नाही आला की तू सगळं वाईटच धरून बसशील. घरात ठरवा की एक दिवस मेसेज नाही तर मामा रूममेटला फोन करतील, दोन दिवस नाही तर एम्बसीला कळवतील आणि मदतवर अपडेट टाकतील. तरहीलमध्ये माणूस असला तर बरेच दिवस बोलणं होत नाही, कधी दुसऱ्याच्या नंबरवरून अर्ध्या मिनिटाचा फोन येतो, तेव्हा अनोळखी परदेशी नंबर उचलायचा हे मम्मीला शिकवून ठेव. ती तिकडचे नंबर फ्रॉड म्हणून कट करते असं तूच लिहिलंस.

आजीला सांगा. माझं मत स्पष्ट आहे यात. ७२ चा दुष्काळ काढलेली बाई आहे ती, घरात कुजबुज चाललीय हे तिला कळत नाही असं तुम्हाला वाटतं, तिला सगळं कळतं, फक्त तिच्याशी कुणी बोलत नाही. तू नको सांगू, मम्मीनं किंवा मामानं सांगावं. पण सांगितलं की घरात तुला एक माणूस मिळेल जिच्यासमोर हळू आवाजात बोलावं लागणार नाही, आणि सुट्टीत घरी गेल्यावर हे फार मोठं असतं.

मैत्रिणींना काय सांगायचं? सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही आणि खोटं पण बोलायची गरज नाही, खोटं बोललं की ते सांभाळत बसावं लागतं. एक वाक्य तयार ठेव, "पप्पांच्या कागदाचं काम चालू आहे, झालं की येतील." पुढचं विचारलं तर परत तेच वाक्य. पण एका मोठ्या माणसाला मात्र पूर्ण खरं सांग, क्लासमधले ज्यांच्याशी पटतं ते सर किंवा रेक्टर मॅडम. त्यांना माहिती असलं की मार्क पडले म्हणून घरी तक्रार जाणार नाही आणि खबर आली तर त्या दिवशी तू एकटी नसशील.

अभ्यासाचं फार लांबवत नाही. नीटला अजून तुझ्याकडं वेळ आहे, तू अकरावीत आहेस. दोन-तीन आठवडे नवीन धडे कमी आणि रिव्हिजन जास्त कर, ज्या विषयात बरं वाटतं त्यानं दिवस सुरू कर. टेस्ट बुडवू नको, वाईट गेली तरी दे.

आता पैशाचं, कारण खरी भीती ती आहे असं मला तुझ्या लिहिण्यावरून वाटतं, तू तीन ठिकाणी फीचा उल्लेख केलास आणि एकदा हळूच लिहिलंस की आत्या म्हणते पोरीचं आता बघून टाका. मम्मीला आणि मामाला बसवून सरळ विचार की माझ्या या वर्षाच्या फीचं काय, किती भरली, किती राहिली, होस्टेलचं काय. अंधारात राहिलं की माणूस सगळ्यात वाईट तेच धरून चालतो. क्लासवाल्यांना हप्ते पाडून मागता येतात, घरच्यांनी समोर जाऊन खरं सांगितलं तर बऱ्याचदा देतात. पुढचं म्हणशील तर महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे आणि ज्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मध्ये बसतात त्यांना कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक कोर्सला ॲडमिशन मिळालं तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तुझं काय बसतं ते बघून उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला वगैरे आत्ताच काढायला लावा, जूनमध्ये सेतूवर रांगा लागतात. आणि लग्नाचं, १८ च्या आत लग्न कायद्यानं होत नाही, कुणी खरंच तारीख-बिरीख ठरवू लागलं तर १०९८ ला, म्हणजे चाइल्डलाइनला, फोन करायचा, तू स्वतः केलास तरी चालतो. बहुतेक इतकं पुढं जाणार नाही, आत्या घाबरून बोलत असतील, आपल्याकडं घाबरलेली मोठी माणसं पोरींच्या लग्नाचं बोलतात, पण नंबर माहिती असलेला बरा.

हे पण लक्षात ठेव. दोन आठवड्याच्या वर झोपच लागत नाही, जेवण जात नाही, किंवा मरून जावं, स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येऊ लागले, एकदा जरी आले, तर त्याच दिवशी सांगायचं. टेली मानस १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहे, केस पेपर काढून सरळ दाखवता येतं, रेक्टर मॅडमला सोबत घे. वेडी म्हणतील ही भीती सोड, तिथं बसलेल्या रांगेत निम्मी पोरं क्लासचीच असतात असं मला तर दरवेळी वाटतं.

आणि पप्पा आल्यानंतरचं. हे कुणी सांगत नाही म्हणून जास्त सांगते. लोक समजतात की माणूस आला, संपलं. खरं अवघड त्यानंतर असतं. नऊ वर्षांत ते दोन-दोन महिन्याच्या सुट्टीवरच आले ना, पाहुण्यासारखे, रोज मटण, रोज नातेवाईक. आता येतील ते काम नसलेले, कर्ज असलेले, लोक काय म्हणतात म्हणून घराबाहेर न पडणारे. दुपारपर्यंत झोपतील, रात्री जागतील, बारीकसारीक गोष्टीवर ओरडतील, तुझ्या फोनवर बोलण्यावर, कपड्यावर एकदम नियम लावतील, कारण त्यांच्या डोक्यात तू अजून सात वर्षांचीच आहेस. तुझा धाकटा भाऊ तर त्यांना फोनमधला माणूस म्हणूनच ओळखतो. पहिले काही महिने असे गेले तर तुमचं नातं बिघडलं असं धरू नकोस. दोघांनी मिळून करायचं एखादं छोटं काम शोध, बाजाराला जाणं, भावाला शाळेत सोडणं, घरातला बिघडलेला पंखा दुरुस्त करणं, त्यांच्या हातात कला आहे, एसी मेकॅनिकला मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काम मिळत नाही असं होणार नाही, पण ते त्यांना स्वतःला सुचायला वेळ लागेल आणि तू ते भाषण करून सांगू नकोस, लेकीनं सांगितलेलं बापाला लागतं. मामा सांगतील. आणि त्यांनी हात उचलला, दारू वाढली, मम्मीला त्रास होऊ लागला तर ते मात्र सहन करायचं नाही, मामाला, आजीला लगेच सांगायचं, तिकडं त्रास झाला म्हणून इथं कुणाला मारायची परवानगी मिळत नाही.

घ्यायला कोण जाणार तेही विचारलंस. तिकीट मुंबईचं असेल का हैदराबादचं ते शेवटच्या दिवसापर्यंत कळत नाही बऱ्याचदा, उतरल्यावर त्यांच्याकडं चालू फोन आणि खिशात रुपये असतीलच असं नाही, म्हणून मामांनी जावं, सोबत एक जोडी कपडे, एक साधा फोन आणि परतीच्या तिकिटाचे पैसे घेऊन. मुंबईला उतरले तर देवगिरी एक्सप्रेसनं सेलूपर्यंत येता येतं. तुला जायचं असेल तर जा, टेस्ट असेल आणि नाही गेलीस तरी चालतं, शनिवारी घरी जाऊन भेट. काय बोलायचं ते आधी ठरवून जाऊ नकोस, बहुतेक ते पहिल्यांदा विचारतील जेवलीस का.